घाम न आलेलं सुगड

मार्गशीर्षात कुणाची निंदा करायची नाही, हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. ही हकिकत मार्गशीर्षातलीच आहे, तेव्हा सांगतानाही तो पाळते. कुणाला काही म्हणत नाही, घडलं तेवढं सांगते. वस्तूंना नावं ठेवल्यानं नेम मोडत नाही असं आमची आई म्हणायची, आणि यात वस्तू पुष्कळ आहेत.

आमच्या लातूरच्या महिला मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू मोठं असतं. मंगल कार्यालय घ्यावं लागतं, इतक्या बायका येतात, आणि प्रत्येकीच्या हाती वाण पडतं. वाण म्हणजे आजवर प्लास्टिक. एका वर्षी चाळणी, एका वर्षी झाकणाचा डबा, एका वर्षी लिंबू पिळायचं यंत्र. त्यातून रस सोडून बाकी सगळं हातात यायचं, यंत्राचा दांडासुद्धा. बायका हे घरी नेतात, माळ्यावर टाकतात आणि पुढच्या संक्रांतीला दुसरीला लुटतात. मी लुटलेली एक साबणदाणी घरोघर फिरून शेवटी माझ्याकडेच परत आली. तळाशी मी लावलेलं हळदीचं बोट तसंच होतं. इतकं टिकाऊ आमच्याकडे दुसरं काही नाही. नातीसुद्धा नाहीत.

यंदा मंडळाच्या अध्यक्षा शीलावहिनींनी ‘प्लास्टिकमुक्त संक्रांत’ जाहीर केली. मोबाइलवर व्हिडिओ करून केली. पाठीमागे प्लास्टिकच्या झेंडूचं तोरण होतं. वाण कोणतं द्यायचं ते त्यांच्या पुण्याच्या लेकीनं सुचवलं: कपडे धुवायचा पर्यावरणपूरक साबण. म्हणजे कपडेही धुतले जातील आणि पापंही. पावडर असो, लिक्विड असो, ज्याच्यात प्लास्टिक सगळ्यात कमी तो मंडळ घेणार, आणि सगळ्या बायकांसाठी एकाच जागेवरून घेणार. निवडायला तिघांना नेमलं. स्वतः शीलावहिनी, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे अमरनाथ सर आणि मी.

“आपल्याला कुसुमकाकूच हव्यात,” शीलावहिनी सभेत म्हणाल्या. “त्यांचं सोवळं केवढं कडक! शुद्ध काय, अशुद्ध काय, त्यांना नुसतं बघून कळतं.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी रोज पहाटे माझं सोवळं माझ्या हातानं पिळते, काठीनं उंच दोरीवर टाकते, कुणाला शिवू देत नाही. त्यावरून मला प्लास्टिकमधलं कळत असणार, असं त्या सभेनं एकमतानं ठरवलं. ज्या गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी आलं तर बायका देवाला नारळ फोडतात, तिथे धुण्याच्या साबणावर एवढा खल झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

पण एक खरं आहे. सोवळं पाळणाऱ्या बाईला पळवाटा कळतात. सुती लुगडं ओवळं होतं, रेशमी होत नाही. पाण्यात शिजवलेलं विटाळतं, तुपात तळलेलं चालतं. उपासाला तांदूळ चालत नाही, भगर चालते. गहू चालत नाही, बटाटा चालतो, आणि तो बटाटा आपल्या देवांनी कधी बघितलाही नव्हता. जन्मभर मी या ‘चालतं’बरोबर संसार केला आहे. तो कुठून कसा येतो, ते मला लांबून ओळखू येतं. शीलावहिनींकडे नमुन्यांचे खोके यायला लागले, तेव्हा प्रत्येक खोक्यावर, हिरव्या पानाच्या चित्राखाली, तोच ‘चालतं’ बसलेला मला दिसला.

त्यातला एक नमुना माझ्या भाचीचा येणार होता.

मनस्विनी म्हणजे नांदेडच्या माझ्या भावाची, रेणुकादासची, एकुलती लेक. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती ‘नितळाई’ नावाचं धुण्याचं लिक्विड बनवते. तिचा नवरा आलोक हैदराबादला नोकरीला. त्यानं तिला सरळ सांगितलं होतं, संक्रांतीपर्यंत एक तरी मोठी ऑर्डर मिळाली तर शेड चालू दे. नाही मिळाली तर कुलूप घाल आणि इकडे ये. मोठी ऑर्डर म्हणजे आमचं मंडळ. दुसरी कुठली तिच्या समोर नव्हती. त्या शेडमध्ये ती पहाटेपासून राबते, हात सोलवटून घेते, हे मी माहेरी गेल्यावर पाहिलं होतं. त्या शेडवर तिचा जीव आहे, त्यात खोटं काही नाही.

भावाचा फोन आला.

“कुसुम, तू परीक्षक आहेस म्हणे.”

“हाव.”

“मग झालं की.”

“काय झालं?”

“अगं झालं म्हणजे झालं. घरचंच आहे.”

रेणुकादास बँकेतून निवृत्त झाला. नोकरीभर त्यानं दुसऱ्याच्या वशिल्याला नाकं मुरडली. स्वतःच्या वशिल्याला तो ‘घरचंच’ म्हणतो.

मनस्विनी गुरुवारी आली. मी घट मांडून पोथी संपवत होते. नांदेडहून लोहा, अहमदपूर करत एकटीनं गाडी चालवत आली होती, तरी चेहऱ्यावर शिणवटा नव्हता.

“आत्या, तुझं आवरू दे. मग असं काही दाखवते ना, बघतच राहशील.”

आजवर तिचं लिक्विड प्लास्टिकच्या बाटलीतून विकलं जायचं. बाटली चांगली जाडजूड, गोडेतेलाच्या कॅनसारखी, आणि तिच्यावर लिहिलेलं ‘निसर्गाकडे परत’. मी एकदा विचारलं होतं, परत कुणी जायचं, बाटलीनं का आपण? तेव्हा ती रागावली होती. या खेपेला तिनं पिशवीतून काढलं ते सुगड. संक्रांतीला ज्यात गाजर, बोरं, हरभरे, उसाची कांडकी घालून बायका एकमेकींना वाण देतात, तेच मातीचं छोटं गाडगं. तोंडाला लाल खणाचा तुकडा, वरून सुतळी. आत लिक्विड आटवून केलेला घट्ट साबण.

“देवाच्या सुगडात साबण?” मी म्हटलं.

“आत्या, मळ काढणं हेही देवाचंच काम आहे.”

“हे तू म्हणतेस का कुठे लिहिलंयस?”

“लेबलवर आहे,” ती हसली. “बघ ना. माती, कापूस, ताग. साबण संपला की सुगडात तुळस लाव. प्लास्टिकचा कणही नाही.”

मला खरंच बरं वाटलं. इतकी वर्षं लिंबू पिळायची यंत्रं लुटलेल्या बाईला सुगड बघून बरं वाटणारच. तिला मी भगर आणि दाण्याची आमटी वाढली, वर दही घातलं. मनात म्हटलं, हिची शेड वाचली.

निवड शनिवारी होती, म्हणून ती माझ्याकडेच राहिली. शुक्रवारी सकाळी मी एका सुगडातला साबण तपेलीत काढून ठेवला, सुगड स्वच्छ धुतलं आणि त्यात पाणी भरलं. यात पारख करायचं काही मनात नव्हतं. नवं मडकं घरात आलं की त्यात आधी पाणी भरून ठेवायचं, ही आमच्या हाताची खोड. सुगड लाकडी पाटावर ठेवलं आणि मी वाती वळायला बसले. लाख वातींचा संकल्प आहे माझा, रोज थोड्या वळते.

नव्या सुगडात पाणी भरलं की थोड्या वेळात त्याच्या पाठीला घाम येतो. माती पाणी पिते, मग पाझरते, खालचा पाट ओला होतो. दुपारी मी सुगड उचललं. पाट कोरडा ठणठणीत. सुगडाची पाठ कोरडी. पाणी होतं तेवढंच्या तेवढं. मी पाणी ओतून टाकलं आणि आतून नखानं खरवडलं, तर दुधावरची साय निघावी तशी पातळ, पारदर्शक पापडी नखाला चिकटून आली. ओढली तशी लांबत गेली.

मनस्विनी बाहेरच्या खोलीत लेबलं कापत बसली होती. मी ती पापडी तिच्यासमोर धरली.

“मने, सुगडाला घाम नाही आला.”

तिनं बघितलं आणि कात्री खाली ठेवली.

“तो लेप आहे, आत्या. नुसत्या मातीतून साबण झिरपतो, खण भिजतो, वास येतो. काहीतरी लावावंच लागतं. विषारी नाही तो, पाण्यात कालवून केलेला असतो.”

“प्लास्टिक आहे का?”

“तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर…”

“मी तंत्र नाही विचारलं.”

“आहे,” ती म्हणाली. “पण किती, आत्या? बाटलीच्या मानानं काहीच नाही! पुण्याच्या एका कंपनीचा नमुना आलाय ना तुमच्याकडे, त्याच्या खोक्यात बघ किती असतं.”

“पण मग कण नाही असं कसं लिहिलंस?”

“सगळेच लिहितात.”

“आणि तुळस लावायची म्हणतेस त्यात. पाणी मुरायचं कुठून? मुळं कुजतील तिची.”

तिनं एक लेबल उचलून परत ठेवलं. मग माझ्याकडे बघून हसली, आणि ते हसू मला आवडलं नाही.

“आत्या, काल तुझा उपास होता ना?”

“होता.”

“भगर, आमटी, दही, राजगिऱ्याचा लाडू, संध्याकाळी पुरणपोळी. रोजच्यापेक्षा जास्त जेवलीस. ते चालतं तुझ्या देवीला, आणि माझा हा एवढासा लेप चालत नाही?”

बोलली ते खरं होतं. एकादशी दुप्पट खाशी, ही म्हण आमच्याच घरांवरून पडली असणार. पण ती जिथे थांबली तिथून पुढचं मला सांगायचं होतं.

“जास्त जेवले. पण मी उपास आहे म्हणते, उपाशी आहे म्हणत नाही. मी काय खाल्लं ते तुझ्यासमोर ताटात होतं. तू तुझं ताट झाकतेस.”

“म्हणजे काय करू?”

“लेबलवर लिही, आतून प्लास्टिकचा पातळ लेप आहे. एवढं लिही. त्यानंतरही तुझं सगळ्यांपेक्षा कमी भरेल. उद्या माझं मत तुला.”

“आणि ते वाचून शीलाकाकू घेतील? ‘प्लास्टिकमुक्त संक्रांत’ नाव ठेवलंय त्यांनी. तू मला ऑर्डर द्यायला निघालीस का माझ्या शेडला कुलूप घालायला?”

ती उठून गच्चीवर गेली, आणि बराच वेळ आलोकशी फोनवर बोलण्याचा आवाज येत राहिला. खाली येऊन तिनं लेबलं पुन्हा कापायला घेतली. जुनीच.

शनिवारी मंडळाच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. समोर खुर्च्यांवर वीसेक बायका बसल्या होत्या. मागे ‘प्लास्टिकमुक्त संक्रांत’ असं लिहिलेला भलामोठा फ्लेक्स, तोही प्लास्टिकचाच. कार्यक्रम झाला की तो शीलावहिनींच्या गच्चीतल्या कूलरवर झाकण म्हणून जाणार, हे आधीच ठरलं होतं. चहा कागदी कपात होता. ‘कागदी, कागदी,’ असं शीलावहिनी प्रत्येकीला सांगत होत्या. कागद चहानं भिजत का नाही, हे कुणी विचारलं नाही.

अमरनाथ सरांनी कॉलेजातून नाजूक काटा आणला होता. सर भले गृहस्थ. ते प्रत्येक बूच, प्रत्येक पिशवी चिमट्यानं उचलून काट्यावर ठेवत आणि म्हणत, “आपण प्रति धुणं हिशोब करू या.” प्रति धुणं म्हणजे काय, हे त्यांनी समजावलं. तेवढ्या वेळात मी घरी एक धुणं उरकलं असतं.

पहिला नमुना पुण्याच्या त्या कंपनीचा. कुरिअरनं आलेला. बाहेरच्या खोक्यावर चिकटपट्टी, आत फुगे असलेलं प्लास्टिक, त्याच्या आत दुसरं खोकं, त्याला चकचकीत पापुद्रा, आणि त्याच्या आत कार्डासारख्या पांढऱ्या पट्ट्या. एक पट्टी बादलीत टाकायची, विरघळते, झालं धुणं. खोक्यावर कासवाचं चित्र होतं. एवढ्या वेष्टनातून ते कासव जिवंत कसं आलं, मला नवल वाटलं.

“ही पट्टी ज्यानं बांधून राहते ना,” सर म्हणाले, “तेसुद्धा एक प्रकारचं प्लास्टिकच. पाण्यात विरघळणारं.”

“विरघळलं म्हणजे गेलंच की, सर!” शीलावहिनी म्हणाल्या.

“मीठ आमटीत विरघळतं,” मी हळूच म्हटलं. “म्हणून आमटी अळणी होते का?”

मागच्या रांगेतून कुणीतरी खुदकन हसलं. शीलावहिनींनी पट्ट्यांचं खोकं नाइलाजानं बाजूला ठेवलं. त्यांना कासव आवडलं होतं.

दुसरा नमुना देवणीच्या बचत गटाचा. गटाची प्रमुख नागाबाई स्वतः जीपनं आली होती. हातात सोन्याच्या पाटल्या, तोंडात सुपारी. टेबलावर तिनं खाकी कागदाच्या, दोऱ्यानं बांधलेल्या पुड्या धाडधाड ओतल्या. सोडा आणि रिठ्याची भुकटी. एक पुडी फुटली आणि शीलावहिनींना शिंका आल्या.

“यात प्लास्टिक?” सरांनी विचारलं.

“पुडीत न्हाई. दोरीत न्हाई,” नागाबाई म्हणाली. “पर सोडा येतो तो प्लास्टिकच्याच पोत्यात की. ते आता मी काय खोटं बोलू? पोती लई हायेत. आमच्या दारच्या पडवीला त्याचेच पडदे करून राहिलो. पाहिजे तर पोत्याचं बी वजन करा सर, आणून देते.”

“नको, नको,” सर म्हणाले, आणि काट्यावर एक पुडी ठेवली. मग पोत्याचा अंदाजी वाटा मांडला. तरी आकडा पट्ट्यांच्या पुष्कळ खाली राहिला.

“पण दिसतं कसं हे!” शीलावहिनी नाकाला रुमाल लावून म्हणाल्या. “किराण्याच्या दुकानातून चहापत्ती आणल्यासारखं. वाण म्हणून हातात काय ठेवायचं बायकांच्या?”

“वाण म्हनून ठिवू नगा. धुनं म्हनून ठिवा,” नागाबाई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “काय वो अक्का, बरुबर हाय का न्हाई?”

मग मनस्विनी उभी राहिली. मोरपंखी साडी, हातात सुगड. तिनं खण सोडला, साबणाचा वास दरवळला, आणि खुर्च्यांवरच्या बायका ‘अय्या’ म्हणून पुढे सरसावल्या. तिनं मातीचं सांगितलं, कुंभाराचं सांगितलं, आजीच्या संक्रांतीचं सांगितलं. आमच्या आईनं सुगडात कधी साबण घातला नव्हता, पण ते असो. शीलावहिनींचे डोळे भरून आले. त्यांनी तिथल्या तिथे सुगड हातात घेऊन फोटो काढून घेतले. एक समोरून, एक बाजूनं, एक डोळे मिटून.

सरांनी सुगड काट्यावर ठेवलं, उतरवलं आणि म्हणाले, “वेष्टनात प्लास्टिक शून्य. कापड, सुतळी, माती. पण मातीचं वजन, ती भाजायचा जाळ, नांदेडहून वाहून आणणं, फुटतूट… मी पुडीच्या बाजूनं आहे.”

“आणि मी सुगडाच्या,” शीलावहिनी म्हणाल्या. “एक एक झालं. आता कुसुमकाकू. काकू, तुमची भाची आहे हे आम्हाला माहीत आहे, पण तुम्ही कधी खोटं बोलणार नाही हेही माहीत आहे. बोला.”

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मनस्विनी बघत नव्हती. ती सुतळीचं टोक बोटाला गुंडाळत होती. लहानपणी गोदावरीच्या घाटावर पाय निसरायला लागला की ती असाच माझा पदर बोटाला गुंडाळायची.

मी म्हटलं, “मने, एवढंच सांग. सुगडाला आतून काय लावलंयस?”

हे विचारताना मी तिला वाट करून देत होते. ती ‘थोडा लेप आहे’ म्हणाली असती, तर मी हात वर करणार होते, आणि शीलावहिनी तर आधीच तिच्या बाजूनं होत्या. ‘थोडंसं चालतं हो’ असं त्याच म्हणाल्या असत्या, हे मला स्पष्ट दिसत होतं. त्या हॉलमध्ये सगळ्यांना सगळंच चालत होतं. तिला फक्त ते तोंडानं म्हणायचं होतं.

तिनं वर बघितलं. सरांकडे नाही, शीलावहिनींकडे नाही, थेट माझ्याकडे.

“काही नाही,” ती म्हणाली. “नुसती माती आहे. तुम्ही बघितलंयत की घरी.”

घरी ती मला तू म्हणते.

“बघितलंय,” मी म्हटलं. “माझं मत नागाबाईच्या पुडीला.”

कुणाला काही कळेना. शीलावहिनी फोटोतल्या सुगडाकडे बघत म्हणाल्या, “अहो पण काकू, कारण?”

“कारण विचारू नका,” मी म्हटलं. “मार्गशीर्ष आहे.”

माझा नेम त्या हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होता. मी मार्गशीर्षात कुणाबद्दल वाईट बोलत नाही. बायकांना अर्थ लागायला थोडा वेळ गेला. आधी पुढच्या रांगेत कुजबुज झाली, मग मागे गेली. अमरनाथ सरांनी सुगड उचललं, चष्मा कपाळावर सारून आत डोकावून साबणाच्या वरच्या मोकळ्या कडेवरून बोट फिरवलं, आणि सुगड हलकेच खाली ठेवलं. मी एक शब्दही वाईट बोलले नव्हते. बोलले असते तर बरं झालं असतं, असं त्या वेळी मनस्विनीचा चेहरा बघून वाटलं. शिवीला उत्तर तरी देता येतं.

“बाई गं,” नागाबाई सुपारी चघळत हलक्या आवाजात म्हणाली, “घरच्या मान्सानंच केलं की.”

मनस्विनीनं सुगडाला खण बांधायला घेतला. गाठ बसत नव्हती.

निकाल दोनास एक असा नागाबाईच्या बाजूनं लागला, आणि पुढे जे झालं त्याला फार वेळ लागला नाही. शीलावहिनींनी पुड्या रुमालानं बाजूला सारल्या. मग कार्यकारिणीच्या दोघी-तिघींशी कोपऱ्यात बोलल्या आणि परत येऊन म्हणाल्या, “समितीचा निर्णय आम्हाला मान्यच आहे. पण पुडी हातात दिली तर बायका नाराज होतील. तेव्हा यंदा आपण डबाच देऊ या. गंजगोलाईच्या बाजारातल्या नेहमीच्या दुकानातून. पण हिरव्या झाकणाचा घेऊ, म्हणजे संदेश जाईल.”

“कसला संदेश?” सरांनी विचारलं.

“हिरवा,” शीलावहिनी म्हणाल्या.

टाळ्या झाल्या. ज्या बायका सुगडाला अय्या म्हणाल्या होत्या त्यांनीच वाजवल्या. नागाबाईनं पुड्या पोत्यात भरल्या, पोतं खांद्यावर टाकलं आणि जाता जाता सरांना विचारलं, “मंग सर, ते वजन कशाला केलं वो?” सर काटा पेटीत ठेवत होते. त्यांनी पेटीचं झाकण लावलं.

मी बाहेर आले तेव्हा मनस्विनी गाडीत सुगडं ठेवत होती. मी एक उचलून द्यायला गेले, तर तिनं माझ्या हातातून ते घेतलं. ओढून नाही, अगदी नीट घेतलं. तिनं घरून येतानाच बॅग गाडीत टाकून आणली होती.

“जेवून निघ,” मी म्हटलं. “वरण-भात तरी.”

“आलोकला फोन केलाय. तो रविवारी नांदेडला येतोय. शेड आवरायची आहे.”

“मने, तू नुसतं ‘लेप आहे’ म्हणाली असतीस…”

“हो ना,” ती म्हणाली. “आणि तू नुसतं गप्प राहिली असतीस.”

तिनं दार लावलं. मग काच खाली करून म्हणाली, “जाते, आत्या.”

निघताना कुणी जाते म्हणत नाही. येते म्हणतात. आमच्यात येते न म्हणता निघतात ते फक्त मौतीच्या घरून.

“येते म्हण,” मी म्हटलं.

तिनं गाडी मागे घेतली, वळवली आणि नांदेडच्या रस्त्याला लागली. आत हॉलमध्ये शीलावहिनी कुणाला तरी फोनवर सांगत होत्या, झाकण पोपटी नको, गडद हिरवं हवं.